रवीच्या डब्यातला एकच कागद

आधीच सांगून ठेवतो, मी सुमेधाच्या विरोधात मत दिलेलं नाही. हे मी घरीही सांगून पाहिलंय.

सुमेधा म्हणजे माझी बायको. बॉथेलच्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला ती यंदा दुसऱ्यांदा उभी होती. चौदा वर्षं मंडळाची संक्रांत, दिवाळी, पोरांची रविवारची शाळा हिच्या जिवावर चालते, आणि शेवटी स्टेजवर शाल, नारळ आणि माइक अध्यक्ष शैलेंद्रच्या हातात. शैलेंद्र भाषण छान करतो, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना मात्र कधी दिसत नाही. सुमेधाला ते पद मनापासून हवं होतं. गेल्या वेळी हरली तेव्हा दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी अख्खं गराज धुऊन काढलं.

तिसरा उमेदवार रवी. मंडळाच्या घटनेत किमान तीन उमेदवार हवेत असं कुणा शहाण्याने लिहून ठेवलंय, म्हणून दर वेळी रवीला उभं करतात. त्याला नाही म्हणता येत नाही. या रवीने मला सतरा वर्षांत नऊ वेळा एअरपोर्टला सोडलंय, त्यातल्या एका वेळी बाबा गेले होते आणि बाहेर बर्फ होता. निवडणूक आली की तो एवढंच म्हणतो की उल्हास, शून्य नको यार, एक तरी पडू दे. मी हो म्हणतो. आता दिलेला शब्द पाळायचा की नाही?

यंदा त्यात शंतनू आला. तो सात वर्षं एडिंबराला होता. तिथे व्हिसावर असूनही कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून त्याला मत देता यायचं, आणि ही गोष्ट तो अजून वर्षातून चारदा सांगतो. इथे अमेरिकेत निम्मं मंडळ ग्रीन कार्डाच्या रांगेत, त्यामुळे मंडळाची निवडणूक हीच आमची लोकशाही. लायब्ररीच्या खोलीत त्याने प्रोजेक्टर लावून आम्हाला समजावलं, की तिथे गाव एकच, मतदार तोच, पण मतदानाच्या पद्धती दोन. युरोपियन पार्लमेंटला तेव्हा पक्षाच्या यादीपुढे एकच फुली मारायची, मग ज्या यादीला जेवढी मतं त्या प्रमाणात जागा. गावच्या कौन्सिलला मात्र उमेदवारांना एक, दोन, तीन असे नंबर द्यायचे. आपला पहिला बाद झाला तर मत फुकट जात नाही, दुसऱ्याकडे सरकतं.

युरोपची पद्धत ऐकून नागपूरकरांनी तिथेच यादी करायला घेतली, ते पाहून पुणेकरांनीही पेन काढलं. त्यामुळे ती पद्धत पाच मिनिटांत बारगळली आणि कौन्सिलची पास झाली. सर्वांत आधी हात मी वर केला.

कारण माझा हिशोब सरळ होता. मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. रवीला एक नंबर, सुमेधाला दोन. रवी बाद होणार, मत घरी येणार. साप मरेल, काठीही मोडणार नाही. लॉजिकमध्ये चूक असेल तर दाखवा, असं माझं आजही म्हणणं आहे.

रविवारी दुपारी मतदान झालं. शंतनूने टेबलावर मिठाईचे तीन रिकामे डबे मांडले आणि पहिल्या पसंतीची मतं मोजली. शैलेंद्र वीस, सुमेधा वीस, रवी एक. रवीने स्वतःला मत दिलं नव्हतं; ते बरं दिसत नाही म्हणे. शंतनूला इतका आनंद झाला की घरचं कार्य असावं. रवीच्या डब्यातला तो एकुलता एक कागद त्याने उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणाला, आता बघा, या मतदाराची पहिली पसंती बाद, म्हणून आपण दुसरी पाहायची. दुसरी सुमेधा. एकवीस. टाळ्या.

कागद असा वर धरतात, हे प्रोजेक्टरवर कुठेही नव्हतं.

आकडा लिहिला की त्याभोवती चौकोन काढायची मला सवय आहे. सुमेधा पहिल्या रांगेत बसली होती. तेवीस वर्षं ती माझ्या हातच्या किराण्याच्या याद्या वाचतेय. तिने कागदाकडे पाहिलं, मग सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. भाषण शैलेंद्रपेक्षा चांगलं केलं. रवीचं नाव घेऊन आभार मानले. माझे मानले नाहीत. घरच्यांचे मानत नाहीत, म्हणून असेल.

परत येताना गाडी मी चालवत होतो. शाल तिच्या मांडीवर होती. मी तिला सगळं लॉजिक पहिल्यापासून समजावलं, शब्द दिला होता तेही सांगितलं, आणि शेवटी तू जिंकलीस ती माझ्याच मतावर, हेही म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बोलली.

"रवीने मला पहिला नंबर दिलाय. सांगितलं त्याने मला."

मी म्हटलं, माणूस भला आहे.

"गेल्या वेळी मी एका मताने हरले. तेव्हाही रवीला एकच मत होतं."

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला नाही. इथे वाजवत नाहीत. मी गाडी पुढे घेतली आणि म्हटलं,

"अगं, तेव्हा सिस्टिम वेगळी होती."

"हो," ती म्हणाली. "त्या सिस्टिममध्ये मला कळलं नव्हतं."