तीन मिनिटांच्या आकाशातलं मंगलाष्टक

मृणालिनीआत्याचं मंगलाष्टक सुरू झालं, की जाणती माणसं हळूच खुर्ची शोधायला लागत. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत नात्यातलं असं एक लग्न नव्हतं, जिथे तिनं स्वतः रचलेली कडवी गायली नाहीत. आणि कडवी म्हणजे कशी, तर नवऱ्याच्या आजोळापासून निघून नवरीच्या चुलतमामांच्या बदलीपर्यंत जाणारी. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं मऊ पडत. "आता फक्त कुकरची शिटी व्हायची राहिलीय," असं तिचा चुलतभाऊ कुंडलिकदादा एकदा म्हणाला होता, आणि ते तिनं नेमकं ऐकलं होतं.

पूर्वी हे सगळं बेतात असायचं, कारण शेजारी माणिकवहिनी उभी असे. विद्याधरदादाची, म्हणजे मृणालिनीच्या सख्ख्या भावाची बायको. वृत्ताचा कान तिलाही होता. कडवं लांबायला लागलं, की वहिनी पदराला खालून हलका हिसका देई, आणि आत्या मुकाट 'सावधान'वर येई. वहिनी गेली, पदर मोकळा झाला, आणि कडव्यांना कुंपण उरलं नाही.

वहिनीचा मुलगा ओजस. त्यानं आणि त्याच्या होणाऱ्या बायकोनं, गंधालीनं, मिळून एक चिमटा बनवला होता, दुधाच्या पातेल्याला लावायचा. दूध उतू जायच्या जरासं आधी तो चिमटा गाणं म्हणायचा. परदेशातल्या एका कंपनीला तो इतका आवडला, की तिनं चिमट्यासकट यांचं दुकानच विकत घेतलं. सगळे म्हणाले, आता छान मोठा फ्लॅट घ्या. दोघांनी अंतराळाची दोन तिकिटं घेतली.

"आत्या, आम्ही लग्न वर करतोय," ओजस म्हणाला.

"टेरेसवर? सोसायटी परवानगी देणार नाही हं. शेजारच्या दिशाच्या डोहाळजेवणाला नव्हती दिली."

"अजून वर गं."

मग त्यानं तिला नीट समजावलं. परदेशात एका वाळवंटातून एक यान उडतं. पैसे भरतील ते सहा प्रवासी त्यात बसतात. ढगांच्या कितीतरी वर, दिवसाढवळ्या आभाळ काळं दिसतं तिथवर ते जातं. तिथे तीन मिनिटं माणसाला वजनच राहत नाही. माणसं कापसासारखी तरंगतात, खिडकीतून गोल पृथ्वी बघतात, मग पुन्हा पट्टे बांधून बसतात आणि यान छत्र्या उघडून खाली येतं. त्या तीन मिनिटांत लग्न लावायचं. नातेवाईक मुलुंडच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यासमोर बसतील. इथला आवाज वर जाईल, वरचं चित्र इथे येईल.

गुरुजी सगळ्याला हो म्हणाले, पण त्यांना झोप लागेना. वर पूर्व कुठली, हा एक प्रश्न. दुसरा, अंतरपाट खाली लोंबणार कसा, कारण तिथे खालीच नाही. शेवटी तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, म्हणजे गोरज मुहूर्त आपोआप साधतोय, एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं. "सप्तपदी मात्र उतरल्यावर," ते म्हणाले. "पाय टेकल्याशिवाय पाऊल कसलं?"

यानाच्या कंपनीचे स्वतःचे नियम होते. तांदळाचा एक दाणाही आत आणायचा नाही, कुठे यंत्रात घुसला तर पंचाईत. खरी फुलं नकोत, पाकळ्या गळतात. मग आत्यानं लोकरीचे दोन हार विणले, पांढरे, मध्ये केशरी गोंडे. तेही कंपनीनं ओढूनताणून पाहिले आणि पास केले.

"आणि आत्या, मंगलाष्टक तूच म्हणायचंस," ओजस म्हणाला. मग खिडकीतून बाहेर बघत त्यानं जोडलं, "एकच कडवं."

"एक?"

"तीन मिनिटं असतात गं एकूण. पट्टे सोडायचे, अंतरपाट धरायचा, हार घालायचे. एक कडवं, एक सावधान."

एक कडवं म्हणजे चार ओळी. शेवटची ओळ आशीर्वादाची. पहिल्या दोन तिला बसल्या बसल्या सुचल्या:

आकाशी नवरा, नभात नवरी, ओलांडुनी मेघही,
खाली हे सगळे मुलुंड अपुले डोळे वरी लावुनी

राहिली तिसरी. सगळ्या नातलगांसाठी मिळून ती एकच ओळ. आणि ती कुणाची, हे आत्याच्या मनात पहिल्या क्षणीच ठरलं होतं. आजवर प्रत्येक लग्नात नवऱ्याच्या आईचं नाव तिनं गुंफलं होतं. माणिकच्या मुलाच्या लग्नात माणिकच नसेल, तर बाकीची सगळी मंगलाष्टकं तिनं कशासाठी रचली होती? ओळ भाजी निवडतानाच आली, वृत्तात चपखल बसून.

तिनं ती विद्याधरदादाला म्हणून दाखवली. दादानं मान पंख्याकडे वळवली.

"नको, मृणाल. मला सगळ्यांसमोर रडू येईल."

"येऊ दे की. मुलाच्या लग्नात बाप रडला तर कोण हसणार आहे?"

"माझं सोड. तो वर असणार. अशा जागी रडायची काही सोय असते का, कोणास ठाऊक. नको म्हणजे नको."

ओळ रिकामी झाल्याची बातमी कुणी फोडली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी कुंडलिकदादा पेढे घेऊन आला.

"मी म्हणत नाही माझंच नाव घाल," तो म्हणाला. "पण ओजसला पाच वर्षं स्कूटरवरून शाळेत कोणी नेलं, एवढं बघ."

पाठोपाठ गंधालीच्या आईचा, माधुरीताईंचा घाटकोपरहून फोन. "आमच्याकडचं एखादं नाव असलं तर बरं दिसेल हो. वर इतके लोक ऐकणार." वर ऐकणारे बाकीचे चार प्रवासी परदेशी होते, पण ते त्यांना कोण सांगणार. सोसायटीचा वॉचमन दशरथसुद्धा गेटपाशी म्हणाला, "मॅडम, आमचं पण बसतंय का बघा ना." आत्याला दोन दिवस जिन्यानं मागच्या मागे जावं लागलं, कारण लिफ्टमध्ये बी विंगवाले गाठत.

शेवटी वडीलकी बघून तिनं तिसरी ओळ कुंडलिकदादाला दिली.

काका कुंडलिकास हर्ष इतका, मावेच ना अंगणी

"मला अंगण कुठंय?" कुंडलिकदादा म्हणाला. "बाल्कनी कर."

बाल्कनीसुद्धा वृत्तात बसली. आत्याला मात्र जेवण गेलं नाही.

लग्नाच्या संध्याकाळी हॉल भरला. भरजरी साड्या, अत्तर, समोर पाण्याच्या टाकीएवढा पडदा. गुरुजी माइकशी, आत्या त्यांच्या शेजारी, पहिल्या रांगेत दादा आणि माधुरीताई. पडद्यावर यान धूर सोडत निघालं, तसं कुणीतरी सवयीनं "गणपतीबाप्पा" म्हटलं आणि सगळ्या हॉलनं पुढचं पूर्ण केलं. मग आतलं चित्र आलं. निळ्या कपड्यांतला ओजस, निळ्या कपड्यांतली गंधाली, कपाळाला मुंडावळ्या चिकटपट्टीनं लावलेल्या. एकाएकी मुंडावळ्यांची टोकं सापांसारखी वर उठली.

"वजन गेलं," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले, जणू शेजारच्या घरातलं कुणी गेलं असावं.

पट्टे सुटले. नवरा छताला लागला, नवरी खुर्चीखाली शिरली. अंतरपाट धरायला कंपनीनं दोन सहप्रवाशांना शिकवून ठेवलं होतं. एक निवृत्त शिक्षिका, आणि दुसरे ऑस्ट्रेलियातले दाढीवाले गृहस्थ, ज्यांच्या म्हणे इतक्या मेंढ्या होत्या की मुलुंडात मावल्या नसत्या. अंतरपाट दोघांत धरल्या धरल्या पापडासारखा गुंडाळला. शिक्षिकाबाईंनी तो पायानं सरळ केला.

आत्यानं डोळे मिटून सुरुवात केली. "आकाशी नवरा..." आवाज वर गेला. ओजसनं ऐकलं आणि उलटं लटकल्या लटकल्या हात जोडले. दुसरी ओळ झाली. हॉलमधले डोळे खरंच वरी लागले होते. तिसरी ओळ झाली, कुंडलिकदादानं शेजाऱ्याला कोपर मारलं. आत्यानं चौथीसाठी श्वास घेतला, आणि माधुरीताई किंचाळायच्या बेतात कुजबुजल्या.

"ताई, थांबा. सावधान म्हणू नका."

आत्यानं डोळे उघडले. गंधालीच्या हातून हार सुटला होता. तो लोकरीचा हार आरामात, कुणाची घाई नसल्यासारखा, अंतरपाटाला वळसा घालून गेला. दाढीवाले गृहस्थ मदतीला म्हणून पुढे झुकले, आणि हार अलगद त्यांच्या डोक्यावरून गळ्यात उतरला. त्यांना वाटलं, विधीच असावा. त्यांनी प्रसन्न हसून गंधालीला नमस्कार केला.

हॉलमध्ये शंभर मुठी अक्षतांसकट हवेत तशाच थबकल्या.

"गुरुजी," माधुरीताईंनी विचारलं, "हे धरलं जाईल का हो?"

"शेवटचं सावधान होईस्तोवर काहीच झालेलं नसतं," गुरुजी म्हणाले, आणि आत्याकडे वळले. "मंगलाष्टक चालू ठेवा. थांबलात तर जावई ऑस्ट्रेलियाचा."

वर ओजस आणि गंधाली हार सोडवायला धडपडत होते. गोंडा दाढीत अडकला होता. एकानं ओढलं की तिघंही गोल फिरत.

आत्याकडे पाठ केलेलं काहीच नव्हतं. शार्दूलविक्रीडित वृत्त असं उभ्या उभ्या कुणाला येतं? मग तिला जात्यावर येते तशी साधी ओवी आली, जिला ना कुलूप ना कडी, ज्याचं नाव घालाल तो आत मावतो.

कुंडलिक दादा माझा, स्कूटरीचा गं सारथी
पुढे पोर, मागे टाकी गॅसची ती भरती

"मला दोनदा घेतलं," कुंडलिकदादा म्हणाला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

घाटकोपरची विहीण, तिच्या आमटीला गोडी
लेक ढगांच्या पल्याड, तरी नजर ना सोडी

दशरथ वॉचमन, त्याची खुर्ची जिन्यापाशी
त्याच्या शिट्टीच्या धाकानं यान थांबलं आकाशी

दाराशी उभ्या दशरथनं कडक सॅल्यूट ठोकला. बी विंग झाली, लिफ्ट झाली, दिशाचं डोहाळजेवण झालं. दाढीतला गोंडा तेवढा निघेना.

माळ सोड मेंढपाळा, तुझ्या मेंढ्यांची रे आण
नवरा आमचा पल्याड, तू तर पाहुण्यासमान

गंधालीनं हसत हसत हे त्या गृहस्थांना इंग्रजीत सांगितलं असावं, कारण ते एकदम गंभीर झाले आणि त्यांनी शिक्षिकाबाईंना खूण केली. बाईंनी दोन्ही हातांनी त्यांची दाढी धरली, गंधालीनं हार धरला, आणि गोंडा दाढीचे चार केस घेऊन सुटला. कुठूनसा सूचनेचा आवाज आला. वेळ संपत आली, जागेवर बसा.

गंधाली तरंगत ओजससमोर आली. अंतरपाट कधीच छताला जाऊन चिकटला होता. मध्ये कुणी नव्हतं.

एका ओळीची जागा होती. आत्याजवळ आता एकाही नातेवाइकाचं देणं राहिलं नव्हतं. तिनं दादाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर आवाज फुटला असता. तिनं सरळ वर, पडद्यावरच्या पोराकडे बघितलं आणि वृत्तावर परतली.

आई माणिक ही म्हणेल तुजला, थंडीत टोपी हवी

ओजस हलायचा थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते ओघळलं नाही. तिथे ओघळायला दिशाच नव्हती. ते डोळ्यावरच साठून काचेच्या गोटीसारखं फुगलं, आणि त्या गोटीआडून त्याला समोरचं दिसेना. गंधालीनं हाराच्या टोकानं ते टिपून घेतलं, आणि तोच हार त्याच्या गळ्यात घातला.

जोडी ही तरली तशीच तरु दे, कुर्यात् सदा मंगलम्

"शुभ मंगल सावधान," गुरुजी आणि आत्या एका दमात म्हणाले. ओजसनं गंधालीला हार घातला, आणि दोघं एकमेकांना धरून खुर्च्यांत कोसळले, कारण वजन परत आलं होतं. इकडे शंभर मुठी सुटल्या. तांदूळ पडद्यावर तडतडले, बँड वाजला, माधुरीताई गुरुजींच्याच गळ्यात पडल्या आणि मग माफी मागत बाजूला झाल्या.

आत्या माइकपासून खाली उतरली आणि दादाच्या शेजारच्या खुर्चीत बसली. आता तो काय बोलेल ते बोलेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. दादा पडद्याकडे बघत होता. तिथे आता नुसती वाळू दिसत होती, आणि लांब आभाळात तीन छत्र्या.

"नेलीय का त्यानं?" तो म्हणाला.

"काय?"

"टोपी."

"दादा, वाळवंट आहे ते. तिथे ऊन असतं."

"मग उन्हासाठीही लागतेच की," दादा म्हणाला. "माणिकनं बॅगेत दोन टाकल्या असत्या." इतकी वर्षं ते नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्याचे गाल ओले होते आणि तो ते पुसत नव्हता. मांडीवर त्याची मूठ अजून मिटलेली होती. ती उघडून त्यानं आत बघितलं. तांदूळ घामानं एकमेकांना चिकटले होते.

"मी टाकल्याच नाहीत गं. ऐकत राहिलो. आता चालतील?"

आत्यानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी आधीच जिलबीच्या रांगेत होते.

"टाक," ती म्हणाली.

पडद्यावर यान धुळीत बसलं आणि त्याचं दार उघडायला लागलं. दादा उठला, दोन पावलं पुढे गेला, आणि अख्खी मूठ त्यानं नेम धरून दारावर मारली. मग दुसरी भरून घ्यायला तो अक्षतांच्या ताटाकडे वळला.