निरोगी पोटाचा माणूस

"कळ सोसत नाही तर उपटून टाका ती दाढ एकदाची," बायको म्हणाली, तोवर तो ओट्यापासून दारापर्यंत आणखी एक फेरी मारून आला.

बस चालवणारा माणूस, बसायची सवय असलेला. पण त्या संध्याकाळी त्याला चैन म्हणून नव्हती. सकाळी इस्पितळात हजर व्हायचं होतं. वहिनीच्या आतड्यातला संसर्ग औषधानं दबायचा आणि औषध थांबलं की पुन्हा उसळायचा. शेवटी तिथल्या संशोधन करणाऱ्या डॉक्टरांनी नवा उपाय सुचवला. निरोगी माणसाच्या शौचातले चांगले जंतू तिच्या आतड्यात सोडायचे. साऱ्या खानदानाच्या तपासण्या झाल्या आणि पास झाला हा एकटा. "जन्मात कशात पहिले आलात, तर यात," म्हणून बायको पोट धरून हसली होती. तो मात्र मनातून फुशारला होता. आई गेल्यावर वहिनीनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

"या घ्या, दुखण्याच्या गोळ्या." बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यानं न बघताच गिळल्या.

सकाळी दाढ गप्प होती. "कसल्या गोळ्या गं? जादूच केलीस," तो बूट घालता घालता म्हणाला.

"एक दुखण्याची. आणि मागे पोरीचा घसा बिघडला होता ना, त्यातली एक कॅप्सूल."

त्याचा हात बुटाच्या नाडीवरच राहिला. "अगं, अँटिबायोटिक घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं त्यांनी."

"ते तपासणीपुरतं ना? पास झालात की." त्याचा चेहरा बघून तिचाही उतरला. "एकच तर होती. तुम्ही बोलला नाहीत तर कोणाला कळतंय?"

इस्पितळाच्या बोळात तो येरझारा घालत राहिला. गप्प राहावं, तर आजच उपचार होईल. पण औषधानं मारलेले जंतू तिच्या पोटात जाऊन काय दिवे लावणार? सांगावं, तर पुन्हा तेच औषध, तेच जुलाब, आणि तिच्या अंगात आता उरलंय काय?

"बस की जरा," बाकावरून दादा म्हणाला. "घोडामैदान जवळच आहे."

डॉक्टरबाईंनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. अँटिबायोटिकपाशी आल्या तेव्हा तो म्हणाला, "काल घेतलं. मीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सांगितलंत ते बरं झालं. पण आता काही महिने तुमचं चालणार नाही. दुसरा दाता शोधावा लागेल."

"कधी मिळेल?"

"सांगता येत नाही."

"एक रात्र कळ काढवली नाही तुला?" बाहेर येऊन त्यानं दाढेचं सांगितल्यावर दादा एवढंच म्हणाला. बायकोचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही.

संसर्ग लागू नये म्हणून झगा आणि हातमोजे चढवून तो वहिनीच्या खोलीत गेला. झालं ते सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. तिनंही आजच्या दिवसावर किती आस लावली होती ते त्याला दिसलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊजी, गोळी म्हटलं की पलंगाखाली लपणारे तुम्ही," ती हळूच म्हणाली. "आपणहून घेतली नसणार."

तो हातमोजे ओढत राहिला.

"घरी गेल्यावर तिला बोलू नका. भल्यासाठीच केलं असेल तिनं."

त्यानं मान हलवली. तेवढ्यात तिनं पांघरूण बाजूला सारलं. "नर्सबाईंना हाक मारा. मला पुन्हा जायला लागतंय."

हाक मारूनही कोणी येईना. तो पुढे झाला.

"तुम्ही नको, भाऊजी," ती ओशाळून म्हणाली.

"का? माझं तू केलं नाहीस?"

जोर लावावा लागेल म्हणून त्यानं पाय रोवले आणि तिला उचललं. जोर लावावाच लागला नाही.