मावशींची पांथरी

"मावशी, हलू नका," सर्जन दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा कुठे त्यांनी उशी नीट करायचा नाद सोडला.

बावीस वर्षं याच वॉर्डात त्यांनी पेशंट उचलले, कुशीवर वळवले, तपासणीला नेले. आज सकाळी ओल्या जिन्यावर पाय घसरला आणि डाव्या बरगड्या पायरीच्या कडेवर आपटल्या. तासभर त्यांनी दुखणं अंगावर काढलं. मग घेरी आली. स्कॅनमध्ये दिसलं, डाव्या बरगड्यांखालची पांथरी, म्हणजे प्लीहा, फाटून पोटात रक्त साचलंय.

हा सर्जन शिकाऊ असताना पेशंटला चादरीसकट कसं सरकवायचं, ते मावशींनीच त्याला दाखवलं होतं. त्याने स्टूल ओढून सगळं समजावलं. रक्तदाब टिकून आहे, म्हणून आधी नुसतं थांबून बघायचं; पुष्कळदा जखम आपोआप भरते. रक्त वाहतच राहिलं, तर जांघेतून बारीक नळी घालून तेवढी रक्तवाहिनी आतून बंद करायची. तेही जमलं नाही, तर पोट उघडून पांथरी काढायची. तिच्यावाचून माणूस जगतो, पण जंतूंशी झुंजायला ती असलेली बरी.

"पूर्वी तुमचे मोठे डॉक्टर लगेच कापायचे," मावशी म्हणाल्या.

"आता आम्ही धीर धरतो. तुम्हाला धरवेल का?"

कसला धरवतोय! पडल्या पडल्या त्या शेजारणीची सलाइन संपत आल्याचं नर्सला सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिमोग्लोबिनचा आकडा उतरला, म्हणजे आत रक्त वाहतच होतं. नळी घालायचं ठरलं. नवरा शिंपी, सही करायच्या आधी त्याने कागद तीनदा वाचला.

"घाबरता कशाला?" मावशी म्हणाल्या. "कापड तेच राहणार. उसवलंय तिथे आतून गाठ मारतील एवढंच."

गाठ बसली. आकडा स्थिरावला. सहाव्या दिवशी घरी सोडलं. तीन महिने जड काही उचलायचं नाही, ही ताकीद देऊन. चालत जाईन म्हणाल्या, पण कुणी ऐकेना. शेवटी त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या आणि नवरा ढकलू लागला.

उतारापाशी त्यांनी त्याला थांबवलं. "खुर्ची उलटी घ्या. नाहीतर माणूस पुढे कलंडतो."

त्याने खुर्ची वळवली आणि पाठमोरा, जपून एकेक पाऊल उतरू लागला. मावशींचं तोंड वॉर्डाकडे होतं. दारात नर्सा उभ्या होत्या, सर्जनही. मावशींनी पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाती भार सोडून त्या निवांत मागे टेकल्या.