जमुनेच्या भारंभार गूळ

सुतार सकाळीच आला आणि मधल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी ठोकून गेला. काम छान केलं. मळ्यात वांग्यांची तोडणी चालली होती, मोटेचे बैल धावेवर येत-जात होते, एकूण दिवस इतर दिवसांसारखाच होता. वऱ्हाडातल्या चांगल्या घरात धान्याला बाहेरून कडी असते आणि सुनेलाही असते. फरक एवढाच की धान्याची कडी रोज उघडते.

ही कडी जमुनेसाठी होती. मैनाबाईची सून, चंद्रभानची बायको. पातूरच्या वाटेवरचा त्यांचा मळा साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. अकोल्याच्या बाजारात मैनाबाईची मेथी विकल्याशिवाय दुसऱ्या कोणाची जुडी हलत नसे. मैनाबाई स्वतः गाडीत बसली की एका अंगाचं चाक कुरकुरत असे, आणि बैलांची त्याबद्दल काही तक्रार असली तरी ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही.

दोन वर्षांपूर्वी जमुनेला मुलगा झाला. पाळणा बांधला, झबली शिवली आणि नाव ठेवायच्या आदल्या दिवशी पोर गेलं. मग रीतीप्रमाणे जमुनेला मळा बंद झाला. लेकरू गेलेल्या बाईची सावली पडली तर वेल जळतात, फुलं गळतात, अशी त्या गावची समजूत. ज्या वर्षी किडीनं सगळाच मळा खाल्ला, त्या वर्षी कोणाचं लेकरू गेलं होतं, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

जमुना मधल्या खोलीत पडून राहिली. भिंतीकडे तोंड करून. बोलणं गेलं, वेणी गेली, सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली हेही गेलं. मैनाबाईनं आपल्या परीनं माया केली, म्हणजे वाढलं. डिंकाचे लाडू, सायीचं दूध, तुपात भिजलेली पुरणपोळी. समोर आलं ते जमुना खात असे, कारण नको म्हणायलाही थोडा जोर लागतो. वर्षभरात तिच्या हातातल्या बांगड्या मांसात रुतल्या, उठताना चंद्रभानला आधार द्यावा लागू लागला.

शेजारची गोदाबाई येई, दारातून पाही आणि सांगून जाई, "काय वं मैना, सून कशी भरली तुही! दुःख हाय, पन खाल्लेलं अंगी लागून राह्यलं. देवाची किरपा!"

ती पोरगी दिवसभर भिंतीकडे का पाहते, हे कोणी विचारलं नाही. अंग भरलेलं माणूस आजारी असतं, हे त्या गावात कोणी ऐकलेलंच नव्हतं.

तरी मैनाबाईला एका रात्री भीती वाटलीच. ती मरीमायच्या ओट्यावर गेली आणि बोलली, "माह्यी सून उठून कामाले लागू दे माय, तिच्या भारंभार गूळ देईन." ओट्यावरचा भगत नत्थुजी मोठा व्यवहारी माणूस. तो म्हणाला, नवस बोलतानाच वजन करून ठेवा, मागाहून देवीशी घासाघीस नको. मळ्यातला मोठा तराजू ओट्यासमोरच्या चिंचेला टांगला, जमुनेला एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात धोंडे टाकले. काटा बरोबर झाल्यावर नत्थुजीनं त्या धोंड्यांना शेंदूर फासला आणि ओट्यावर रचून ठेवले. त्या दिवसापासून गावात दोन जमुना झाल्या. एक खोलीत, एक ओट्यावर. दुसरीला रोज हळदकुंकू मिळे.

पुढे जे झालं ते देवीनं केलं की पाटानं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. बाजाराचा दिवस होता, घरात कोणी नव्हतं. पाटाचा बांध फुटला आणि पाणी मेथीच्या वाफ्यांत घुसलं. खिडकीतून जमुनेनं ते पाहिलं. बराच वेळ नुसतं पाहिलं. मग ती भिंत धरून उठली, धापा टाकत मळ्यात गेली आणि हातांनी चिखल ओढून बांध घातला. नंतर तिथंच चिखलात बसून ती पहिल्यांदा रडली. पोर गेलं तेव्हा रडायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ती चोरून मळ्यात जाऊ लागली. आधी एक वाफा, मग दोन. काही दिवस परत सगळं काळं होई, ती उठत नसे. पुन्हा उठे. मेथी जळली नाही, झेंडू गळला नाही. मैनाबाई बाजारातून परत येई, ताजं निंदण पाही आणि चूल पेटवायला जाई. एके दिवशी ती खुरपं मात्र खोलीच्या उंबऱ्याशी विसरली. नंतर ते रोजच विसरू लागली.

जमुनेच्या बांगड्या सैल झाल्या. चोळ्या उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या. ती चंद्रभानशी बोलू लागली, एकदा तर हसली, आणि चंद्रभान दचकला.

आणि आता, सून बरी झाल्यावर, गाव घाबरलं.

"काय वं मैना," गोदाबाई म्हणाली, "सून काहून वाळून राह्यली तुही? पयले कशी भरेल होती! काही बाहेरचं तं नाई?"

बाहेरच्याचा विषय निघाला की नत्थुजीला निरोप धाडावा लागत नसे. तो आला, जमुनेकडे पाहून मान हलवू लागला. "धोंडे पाहा. धोंडे तितकेच हायेत. मंग बाई कशी कमी झाली? कोनीतरी आतून खाऊन राह्यलं तिले. देवीचं वजन चोरीले गेलं, मैनाबाई."

"गूळ तेवढाच देईन न बापा. धोंड्यांइतका," मैनाबाई म्हणाली.

"गूळ तुमचा, पन वजन देवीचं! ते पुरं भरून द्या लागते." एकदाच गूळ घेऊन मोकळा होईल इतका नत्थुजी भोळा नव्हता. त्यानं उपाय सांगितला. अमावस्येला तराजू टांगायचा. बाई कमी भरली, तर तिथंच तापल्या विळ्याचा डाग पोटावर द्यायचा, म्हणजे खाणारा पळेल. मग मधल्या खोलीत कोंडून, उजेड न दाखवता, पुन्हा धोंड्यांइतकी होईपर्यंत खाऊ घालायचं. दर मंगळवारी तो कोंबडा घेऊन जाईल.

म्हणून सुतार आला होता.

त्या संध्याकाळी मैनाबाई अंथरूण घालायला खोलीत आली. जमुना तिच्या पाया पडली. "आत्याबाई, मले इथं नोका टाकू. या बारीनं मी उठनार नाई."

मैनाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. गोधडी झटकत म्हणाली, "उजव्या कुशीवर झोपजो. डाव्या भिंतीले पहाटे ओल येते." आणि निघून गेली.

जमुना त्या गोधडीकडे रात्रभर पाहत बसली.

अमावस्येला चिंचेखाली सारं गाव जमलं. शेगडीत विळा लाल होत होता. एका पारड्यात शेंदरी धोंडे ठेवले, दुसऱ्यात जमुनेला बसवलं. धोंडे जमिनीवरून हलले नाहीत. जमुना वर लटकत राहिली. बायांनी पदर तोंडाला लावले.

"उतरव तिले," नत्थुजी चंद्रभानला म्हणाला आणि विळ्याकडे वळला.

चंद्रभान पुढे झाला. जमुनेनं दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. "मी उतरत नाई."

"जमुने, भगत म्हनते तसं कर न वं..."

"मी बरी झाली, थेच तुमाले खुपते काय?" तिचा आवाज फुटला. "पडून होती तवा कोनी इचारलं नाई. आता डाग देता?" मग ती सासूकडे वळली. "आत्याबाई, त्या खोलीत तुमी कधी झोपल्या नाई. मंग डाव्या भिंतीले ओल येते, हे तुमाले कसं माईत?"

चंद्रभाननं आईकडे पाहिलं. त्याच्या आधी एक बहीण झाली आणि गेली होती, हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मैनाबाई हलली. सावकाश, गुडघ्यांवर हात टेकत चिंचेखाली आली. सगळ्यांना वाटलं, ती सुनेला ओढून उतरवणार. तिनं पारडं खाली दाबलं आणि जमुनेला खेटून आत बसली.

साखळ्या कुरकुरल्या. धोंडे असे उडाले की वरचे दोन घरंगळून नत्थुजीच्या पायाशी पडले.

"मीबी होती त्या खोलीत," मैनाबाई म्हणाली. "बाहेर आली, पन सारी नाई आली. भरलं काय देवीचं वजन? का अजून पायजे?"

नत्थुजीनं तोंड उघडलं, पण गोदाबाई आधी बोलली. "अवं, आता तं देवीचेच धोंडे कमी पडले!" आणि कोणीतरी हसलं. मग दुसरं हसलं. ज्याला लोक हसतात त्याचा डाग कोणी घेत नाही.

नवसाचा गूळ तिथंच फोडून वाटला. खोलीची कडी चंद्रभाननं स्वतः उपटली. तिथं आता कांदे असतात, दार उघडं ठेवून, कारण बंद खोलीत कांदेसुद्धा सडतात.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण नत्थुजीनं विळा पाण्यात बुडवून गार केला, फडक्यात गुंडाळून झोळीत ठेवला आणि अंधार पडायच्या आत पुढच्या गावाची वाट धरली. तिथंही कोणाची तरी सून बरी होऊ लागली होती, आणि सुतार सकाळीच येऊन गेला होता.