धानोऱ्याच्या ओट्यावरचा समुद्री दगड

आज सकाळी धानोऱ्यात धुकं होतं. समोरचं निंबाचं झाडही दिसत नव्हतं, नुसतं त्याच्यावरचं दंव टपटप पडताना ऐकू येत होतं. त्या गारठ्यातही भटूआबांच्या ओट्यावर बसून राहिलेला मी एक पांढरा दगड बोलतोय. सावकाश बोलेन. घाई मला कधी जमलीच नाही.

माझं वय विचारू नका. शाळेत गेलो नाही, मोजता येत नाही. उथळ, कोमट समुद्रात बारीक जिवांनी चुन्याची घरं बांधली. ते मेले, की त्या घरांवर दुसऱ्यांनी बांधली. असं होत होत टेकडी झाली. तिचा मी लहानसा तुकडा. मधे एकदा समुद्र मागे हटला. पावसाच्या पाण्यानं मला आतून कोरलं, भोकं वाढली. समुद्र परतला, वर चिखलाचा जाड थर बसला, झाकणासारखा. मग खालून कुठून तरी गॅस वर आला आणि माझ्या भोकाभोकांत राहिला. झाकण होतं, जाणार कुठे? फार काळ आम्ही सोबत होतो.

एक दिवस पोलादी नळी खाली आली. तिनं मला गोल कापून वर, समुद्रातल्या गॅसविहिरीच्या फलाटावर नेलं. साहेब लोकांनी भिंगातून पाहिलं, लिहून घेतलं आणि उरलेला तुकडा बाजूला टाकला. तिथे कामाला असलेल्या हेमकांतनं विचारून मला उचललं. सारंगखेड्याच्या यात्रेसाठी सुट्टीवर आला, तेव्हा पिशवीतून घरी आणलं.

"आबा, हाऊ चुनखडीना दगड."

भटूआबा त्याचे वडील. जन्मभर विहिरी खोदल्या, त्याही काळ्या दगडात. चुना म्हटल्याबरोबर त्यांनी मला चाकूनं खरवडलं आणि ती भुकटी तंबाखूत मळली. तोंड वाकडं झालं.

"याले ते काही चवच नही!"

शेजारच्या भिकुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "भटूभाऊ, चुना पहिले भाजना पडस. तुमी ते कच्चाच खाई गयात!"

आबा हसले, पण वरवर. त्यांच्या मनात भीती होती. त्यांचा जोडीदार उखा विहिरीतच गेला. कडेला पोकळी होती, कोणाला कळली नाही, आणि दरड आत आली. तेव्हापासून भिंतीवर हातोडीची पाठ मारून, कान लावून ऐकल्याशिवाय आबा कोणाला खाली उतरू देत नसत. समुद्राखाली गॅसची मोठी पोकळी असणार, ती उपसली की वरचं सगळं हेमकांतसकट आत जाणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

आज दुपारच्या गाडीनं हेमकांतला परत जायचं होतं, आणि सकाळपासून त्याचं ओळखपत्र सापडेना. ते नसलं तर फलाटावर नेणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये बसू देत नाहीत. पाळी चुकली तर कामही जायचं. आबांनी ते ओसरीतल्या ज्वारीच्या कणगीत खुपसलेलं मी पाहिलं होतं. पण दगडाला कोण विचारतो?

"आबा, तुमीच ठेवं ना कार्ड?"

"नही जावानं! खाले पोकळ शे. उखा कसा गया, माहीत शे ना तुले?"

हेमकांत वाद घालत बसला नाही. त्यानं मला उचललं आणि पाण्याच्या बादलीत सोडलं. माझ्या अंगाअंगातून बुडबुडे निघू लागले. आबा उकिडवे बसून बघत राहिले. काळ्या दगडानं त्यांना असं कधी दाखवलं नव्हतं.

"हाऊ श्वास ली ऱ्हायना का रे?"

"वारा निंघी ऱ्हायना, आबा, आन पानी भराई ऱ्हायनं. गॅस बी असाच दगडमा ऱ्हास. तो निंघी गया, का खालथून पानी वर सरकस. दगड जठला तठेच."

बुडबुडे थांबेपर्यंत आबा जागचे हलले नाहीत. मग मला बाहेर काढलं, हातोडी आणली, तिच्या पाठीनं मारलं आणि कान लावला. पुन्हा मारलं. मी होता तेवढा जीव लावून वाजलो. इतकं मन लावून मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"पक्का शे," आबा हळूच म्हणाले.

उठले, कणगीत कोपरापर्यंत हात घातला, कार्ड काढलं आणि धोतराला पुसून लेकाच्या हातावर ठेवलं. "पोचना का फोन करजो. रोज करजो."

हेमकांत गेला. धुकं केव्हाच विरलंय, मी ओट्यावर उन्हात वाळतोय. माझं मागणं मोठं नाही. मला भाजून चुना करू नका, एवढंच. अजून एखाद्या घाबरलेल्या बापाच्या उपयोगी पडेन.

बादलीचा सगळा प्रकार पाहिलेल्या भिकुबाई आत्ताच घरी जाता जाता थांबल्या. माझ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "दगडबाबा, तू आते आठेच ऱ्हाय. भटूभाऊले परत भ्या वाटनं, का लगेच बादलीमा उडी मारजो!"