तारखेतली माया

आमचे हे उत्तम शिंपी आहेत, आणि खोटं बोलायची वेळ आली की अत्युत्तम. कापडाला कात्रीही लागलेली नसताना गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगतात, "फक्त काजं-बटणं राहिलीत." काजं-बटणं मी करते, त्यामुळे बोलणीही मीच खाते.

अशा माणसाला कादंबरी लिहायची होती. लग्न झाल्यापासून ऐकतेय. शेवटी आमचे वीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक, एका प्रकाशनाचे संपादक, कोटाचं कापड टाकायला आले आणि म्हणाले, "नव्या लेखकासाठी एक जागा आहे. एकतीस तारखेला पाच वाजता कादंबरी द्या, छापतो. उशीर झाला तर जागा दुसऱ्याची." हातात तीस दिवस होते.

पहिले चार दिवस कागद निवडण्यात गेले. बोटांनी चोळून पोत पाहिला, एक गठ्ठा 'आटेल' म्हणून परत केला. मग पात्रांची मापं. नायकाची छाती अडतीस, डावा खांदा उतरता. खलनायकाची कंबर चव्वेचाळीस. नायिकेसाठी टेप माझ्याभोवती गुंडाळला आणि वहीत चार इंच कमी लिहिले.

"अहो, पण हा नायक करतो काय?" मी विचारलं.

"आधी माप तर होऊ दे!"

विसाव्या दिवशी प्रत्येक कागदावर खडूने रेघा मारून कडेला दोन-दोन बोटं जागा सोडली. म्हणाले, "ही माया." शिवताना आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो, अंग भरलं की उसवून वाढवता येतं. कागदाचं कुठे अंग भरतं, असं विचारलं तर रागाने आणखी एक बोट वाढवलं.

तिसाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. "लिहा की एक ओळ! कुठलीही!"

"अगं, एकदा कात्री लागली की कापड परत होत नाही," ते हळूच म्हणाले. "न शिवलेला कोट कसा, कुणालाही नीट बसतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं मी याला आळस समजत होते. माणूस घाबरत होता.

दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला संपादक हजर. "कादंबरी?"

"फक्त काजं-बटणं राहिलीत."

"म्हणजे एक ओळही नाही. आणि माझा कोट?"

मी कापड काउंटरवर ठेवलं. घडीसुद्धा मोडली नव्हती.

संपादक हसले. "माझा लग्नाचा सूट तुम्ही लग्नानंतर दिलात. तेव्हापासून तुम्हाला महिनाभर अलीकडचीच तारीख सांगतो. याही तारखेत महिन्याची माया ठेवली होती. ती आज उसवली. पुढच्या महिनाअखेरीस मात्र खरंच पाच. आणि हा कोट मला प्रकाशन समारंभात घालायचाय. तुमच्याच पुस्तकाच्या."

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?" आमच्या ह्यांना मनापासून धक्का बसला होता.

संपादक गेल्यावर हे एकदा कापडाकडे, एकदा कोऱ्या कागदांकडे बघत राहिले. "आधी कोट, की आधी...?"

मी त्यांच्या गळ्यातला टेप काढून माझ्या गळ्यात घातला. "कोट मी बेतते. तुम्ही बसा."

"तू? तू कधी कापड कापलंयस?"

"काजं-बटणं तेवढी तुम्ही करा."

खडूच्या रेघा झोकात मारल्या. संपादकांच्या पोटाकडे चार बोटं माया सोडली. पण कात्री हातात घेतली आणि सगळी मापं पुन्हा एकदा तपासत बसले. इतकं सुंदर कापड, आणि आता ते परत होणार नव्हतं. क्षणभर वाटलं, घडी करून ठेवून द्यावं.

मग जीव मुठीत धरून कात्री चालवली. कर्रकन आवाज झाला. मागे पेनाची कुरकुर सुरू झाली. थोड्या वेळाने हे "चुकलं" म्हणाले, आणि पेन पुढे चालत राहिलं.