शाईचं नख

मी जर्मनीची नागरिक आहे, आणि माझं असं मत आहे की नागरिकाचे दोनच हक्क खरे. एक, सरकारला नावं ठेवणं, आणि दुसरा, ट्रेन उशिरा आली की शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघून मान हलवणं. हे दोन्ही मी नियमाने बजावते. माझा बाबा, प्रसन्न, हाही इथला नागरिक आहे, पण तो यातलं काहीच करत नाही. तो वेळेवर कर भरतो, काच आणि कागद वेगवेगळ्या डब्यांत टाकतो, आणि रस्त्यावर काळं कुत्रं नसलं तरी चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होईपर्यंत फुटपाथवर उभा राहतो. पंचवीस वर्षं त्सुफेनहाउझेनला राहून, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून राबून त्याने एकदाही लाल दिवा ओलांडलेला नाही. आई म्हणते, याला जर्मन लोकसुद्धा हसतात.

अशा दिवे पाळणाऱ्या देशाने मध्यंतरी लाल, पिवळा आणि हिरवा अशा तीन रंगांच्या पक्षांना एकत्र बसवून सरकार चालवायला दिलं. तिन्ही दिवे एकदम लागल्यावर चौकात जे होतं तेच झालं. २०२४च्या नोव्हेंबरात सरकार मोडलं आणि फेब्रुवारीत निवडणूक ठरली.

त्याच नोव्हेंबरात तिकडे वाईला विधानसभेचं मतदान झालं, आणि मतदानानंतर आठवडाभरात माझी आजी गेली. सकाळी पूजेची फुलं काढताना अंगणात बसली ती उठली नाही.

आजी-आजोबांची एक रीत होती. मत देऊन घरी आले की दोघं जेवणाच्या टेबलावर, त्या निळ्या चौकटीच्या टेबलक्लॉथवर, आपापलं डावं बोट शेजारी शेजारी ठेवायचे, आणि आजोबा उजव्या हाताने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचे. डावीकडे आजोबांचं जाड बोट, उजवीकडे आजीचं हळदीने पिवळं झालेलं. दोन्हींवर शाईची रेघ. लोकसभा असो, नगरपालिका असो, फोटो यायचाच. त्या नोव्हेंबरातही आला होता. मी खाली लिहिलं होतं, "दोन गुन्हेगार पकडले गेले." आजीने त्यावर हसणारे सात चेहरे पाठवले होते.

नाताळात दोघं आमच्याकडे यायची होती. व्हिसे झाले होते, तिकिटं काढली होती. तेरावा झाल्यावर बाबा एकट्या आजोबांना घेऊन आला.

आजोबांना वाईत सगळे राजाभाऊ म्हणतात, आई-बाबा अण्णा. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, आणि दर निवडणुकीला त्यांची ड्युटी मतदान केंद्रावर बोटाला शाई लावायची. माझं मराठी त्यांच्यामुळे टिकलं. इथे वाढलेली आमच्या ओळखीची बाकीची पोरं मराठी ऐकतात आणि जर्मनमध्ये उत्तर देतात. मी तसं केलं की आजोबा फोन ठेवून द्यायचे आणि मीच पुन्हा करायचे. शिवाय राजकारणाची टवाळी मी त्यांच्याकडूनच शिकले. जानेवारीत रस्त्याच्या प्रत्येक खांबावर उमेदवारांचे चेहरे लागले, तेव्हा आम्ही दोघं रोज फिरायला जाऊन त्यांना मार्क द्यायचो. "नाक बरं आलंय, दहापैकी सहा. डोळे मात्र उसने आणलेत." सगळ्या चेहऱ्यांखाली एकच आश्वासन होतं, बाहेरच्यांची संख्या कमी करू आणि बाहेरून कुशल कामगार आणू. "आपल्याकडेही असेच," आजोबा म्हणाले, "फक्त आपले हात जोडून उभे असतात. हे खिशात घालून उभे आहेत."

दिवसा ते असे असायचे. जेवायला बसलं की मात्र शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून घास थांबायचा. एकदा त्यांनी सवयीने मीठ त्या बाजूला सरकवलं. आईने ते बघितलं आणि उठून आत गेली.

त्यांना परत पाठवायचं नाही, हे आम्ही तिघांनी ठरवलं होतं. वाईच्या घरात ते एकटे काय करतील, हा एकच प्रश्न आमच्या घरात होता. पण व्हिसा नव्वद दिवसांचा, आणि कायदा असा सरळ की माणूस वेडा व्हावा. बाबाच्या हाताखालचा कपिल, जो अलीकडेच आपल्याकडून इथे आला, त्याला कामाचा पहिला परवाना मार्च २०२४चा नवा नियम आल्यानंतर मिळालेला, म्हणून त्याला आपली आई इथे आणता येते. विमा वगैरे जमवलं तर. बाबाला नाही. बाबा त्याच्या कितीतरी आधी आला, आणि वर नागरिकही झाला. परदेशी लोकांच्या कचेरीतली बाई खरंच चांगली होती. तिने दोनदा कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि सांगितलं की अगदी गंभीर आजारपण असेल तरच मुदत वाढवता येईल. म्हणजे देशाला माझा बाबा हवा होता, पण त्याच्या बाबाशी देशाचं काही देणंघेणं नव्हतं. मी हे तिला तोंडावर म्हटलं. बाबाने तिची माफी मागितली.

फेब्रुवारीत आजोबांना खोकला झाला. आम्ही त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्याआधी आई दोनदा त्यांच्या मागे लागली होती, "अण्णा, त्या डाव्या बोटाचं नख केवढं वाढलंय, कापून टाका ना." एकदा ते म्हणाले आज शनिवार, शनिवारी नखं कापत नाहीत. एकदा म्हणाले आता दिवेलागण झाली. बाकीची नऊ नखं त्यांनी कापलेली होती, त्याचा अर्थ आईच्या आणि माझ्या लक्षात आला नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली, किरकोळ खोकला आहे म्हणाले. मग नाडी बघताना त्यांनी आजोबांचा डावा हात हातात धरला, आणि चष्मा वर करून ते नख उजेडात नेलं. नखाच्या मध्यावर काळपट पट्टा होता. किती दिवसांपासून आहे, त्यांनी विचारलं. मी उत्तर देणार, तेवढ्यात तेच पुढे बोलू लागले. या वयात नखातला काळा पट्टा त्यांना आवडत नाही. कातडीचा कॅन्सर नाही ना, हे बघायला हवं. त्वचेच्या डॉक्टरची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, लवकरात लवकर जूनमध्ये मिळेल. तोवर विमानाने पाठवू नका, मी तसं आटेस्ट, म्हणजे डॉक्टरी दाखला, देतो, कचेरीत दाखवा. त्यांना आमची अडचण माहीत होती. ते बोलता बोलता टाइप करायलाही लागले.

या देशात डॉक्टरची वेळ मिळायला चार महिने लागतात, यावर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलंय. त्या क्षणी मला वाटलं, देवा, आठ लागू देत.

मी बाबाकडे पाहिलं. ती शाई आहे हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. एक वाक्य बोललं की संपलं. बाबा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिला. जन्मात लाल दिवा न ओलांडलेला माणूस तोंड मिटून बसला होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

आजोबांनी मला विचारलं, काय म्हणतायत. मी सांगितलं, नखाची तपासणी करायची आहे, जूनमध्ये, आणि तोवर इथेच राहायचं आहे. यात खोटं काहीच नव्हतं.

"नखाची का?"

"काळं दिसतंय म्हणून."

आजोबांनी आधी नखाकडे पाहिलं, मग आपल्या मुलाकडे. साठ मुलांच्या वर्गात कोण बघून काढतोय ते त्यांना पाठमोरं उभं असताना कळायचं म्हणे.

"प्रसन्न, तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"अण्णा," बाबा खाली बघून म्हणाला, "जूनपर्यंत राहता येईल. मग पुढचं बघू. तुम्ही काही बोलू नका. प्लीज."

डॉक्टर टाइप करत होते. आजोबा इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"मलाही राहायचंय रे. तिथे मी कुणाशी बोलू? सकाळी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. मला नाही जायचं." त्यांनी ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. "पण तुझ्या आईला चितेवर ठेवलं तेव्हा तिच्या बोटावर शाई तशीच होती. त्याच दिवशीची, एकाच बाटलीतली. तिची तिच्याबरोबर गेली, माझ्याकडे एवढी उरली आहे. तिला मी रोग म्हणू?"

बाबाने तोंडावर हात ठेवला. आजोबा खुर्चीत सरळ झाले आणि डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाले, "नो डिसीज, डॉक्टर. इलेक्शन इंक. आय व्होटेड. माय वाइफ ऑल्सो."

डॉक्टरांना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं. आमच्याकडे मत दिलं की बोटाला शाई लावतात, कातडीवरची जाते, पण नखावरची नख वाढून पुढे सरकेपर्यंत राहते. डॉक्टर सुटल्यासारखं मनापासून हसले. त्यांनी जूनची टेर्मिन रद्द केली, लिहिलेलं पुसलं, उठून आजोबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, फार चांगली बातमी, तुम्ही अगदी ठणठणीत आहात, अभिनंदन. बाबाचंही त्यांनी अभिनंदन केलं. बाबाने आभार मानले. असं अभिनंदन वैऱ्यालाही मिळू नये.

घरी जाताना कोपऱ्यावरचा दिवा लाल होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. आम्ही उभे राहिलो. दिवा हिरवा झाला, परत लाल झाला, परत हिरवा झाला. बाबा हललाच नाही. शेवटी आजोबांनी त्याचा हात धरून त्याला पलीकडे नेलं, लहान मुलाला नेतात तसं.

इथल्या मतदानाच्या रविवारी मी जाणार नव्हते. कुणीही आलं तरी माझ्या आजोबांना ठेवून घेणार नव्हतं, मग कशाला? आजोबा सकाळीच दाढी करून, कोट घालून दारात उभे. म्हणाले, "सगळे चोर आहेत, कबूल. पण शाळेला नावं ठेवणाऱ्यानेसुद्धा हजेरी लावायची असते." मग गेलो. केंद्र आमच्याच जुन्या शाळेत होतं. त्यांना दाराशी थांबवलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं की कसं केलंस. मी सांगितलं, पेन्सिलीने फुली मारली, दोन ठिकाणी.

"फुली? फुली तर चूक दाखवायला मारतात."

"म्हणूनच. मला सगळ्यांवर मारावीशी वाटत होती."

ते हसले. मग माझं डावं बोट धरून त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. शाई कुठाय? मी म्हटलं, इथे लावत नाहीत, नावावर खूण करतात आणि विश्वास ठेवतात. हे त्यांना काही पटलं नाही. घरी आल्यावर त्यांनी माझ्या टेबलावरचा काळा मार्कर घेतला, मला समोर बसवलं, बोट घट्ट धरलं आणि नखावरून कातडीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. मग त्यांनी आपलं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं. मी फोटो काढायला मोबाइल उचलला, तर ते नको म्हणाले आणि बोट मागे घेतलं. माझी मार्करची रेघ आठवडाभर भांडी घासण्यात निघून गेली.

मार्चमध्ये ते वाईला परत गेले. विमानतळावर बाबाने त्यांना तीनतीनदा गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगितलं. मी नेहमीसारखी काहीतरी टवाळी करणार होते, पण त्याऐवजी त्यांच्या कोटाची बटणं लावत राहिले. पासपोर्ट बघणाऱ्या तरुण पोलिसाने शिक्का मारून त्यांना हसून पुन्हा या म्हटलं.

त्यानंतर रोज फोन. एप्रिलमध्ये एकदा मी म्हटलं, नख दाखवा. त्यांनी बोट कॅमेऱ्याजवळ आणलं. टोकाला शेवटची काळी कड राहिली होती. मे महिन्यात मी विचारलं नाही आणि त्यांनी दाखवलं नाही.

डिसेंबरात वाईला नगरपालिकेची निवडणूक झाली. इकडे आम्ही नाश्त्याला बसलो होतो आणि ग्रुपवर फोटो आला. निळ्या चौकटीचा टेबलक्लॉथ, त्यावर आजोबांचं जाड बोट, ताजी शाई. खाली एक शब्द नव्हता.

बाबाने चष्मा लावून पाहिला. "अण्णांना अजून मोबाइल नीट धरता येत नाही," तो म्हणाला. "बोट सगळं डावीकडे गेलंय. उजवीकडे नुसतं टेबल आलंय."

चित्र चौकटीत कुठे बसवायचं, हे आजोबांनी वाईच्या तीन पिढ्यांना शिकवलं. मी बाबाकडून मोबाइल घेतला आणि म्हटलं, "बाबा, नीट बघ. ती आजीची जागा आहे."